सोड्याचा उतारा

धोंड्याच्या महिन्यात जावई घरी आलेला असताना सासूनं तागडी काढू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. पण ज्या सकाळी निवृत्तीराव लग्नानंतर पहिल्यांदाच धोंडे जेवायला लासुर्ण्याहून इंदापुरात आले, नेमक्या त्याच सकाळी शेजारच्या भामाबाई आपला सोडा परत न्यायला आल्या, आणि द्वारकाबाईंना खुंटीवरची तागडी खाली घ्यावी लागली.

ती तागडी द्वारकाबाईंनी माहेराहून आणलेली. बारामतीला त्यांच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. लेकीला सासरी धाडताना त्यांनी दागिने बेताचे घातले, पण पितळी पारड्यांची तागडी आणि पाचशेरीपासून छटाकापर्यंतची वजनं दिली. किलो तेव्हा आपल्याकडं यायचे होते. द्वारकाबाई गिरणीतून आलेलं पीठ तोलत, वाण्याचा गूळ तोलत, सोनारावर भरवसा नाही म्हणून एक छोटा काटाही बाळगत. दूधवालीच्या चरवीत बोट बुडवून ते उन्हात धरून बघत. गल्लीत म्हणत, द्वारकाबाईंच्या दारात देव आला तरी त्या आधी त्याचा मुकुट तोलून घेतील.

म्हणूनच दरवर्षीच्या सप्ताहाला मारुतीच्या देवळात जो शिधा जमे, त्याच्या कोठीची किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेला असे. गहू, डाळ, गूळ सगळं त्यांच्या तागडीतून आत जाई आणि त्यांच्याच तागडीतून बाहेर येई. नव्या सुनेला जोडव्यांचं नसेल एवढं अप्रूप त्यांना त्या किल्लीचं होतं. यंदा सप्ताह धोंड्यातच धरला होता आणि दोन दिवसांत शिधा यायला लागणार होता.

सोड्याची गोष्ट अशी. शिमग्यानंतर द्वारकाबाईंचे यजमान आबासाहेब गूळ घेऊन बारामतीच्या पेठेत गेले, तेव्हा येताना धुण्याच्या सोड्याचं अर्धा मण पोतं घेऊन आले. त्यातला दहा शेर आपल्याला आणि दहा शेर भामाबाईंना, असं आधीच ठरलं होतं. सोडा नवा, काचेसारखा, मोठमोठे खडे. लांबून खडीसाखर वाटावी. त्याच आठवड्यात भामाबाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी भिगवणला जावं लागलं.

"माझा वाटा तुमच्याकडंच राहू द्या," त्या जाताना म्हणाल्या होत्या. "घरात ह्यांच्या हाती लागला तर मीठ म्हनून आमटीत टाकत्याल."

द्वारकाबाईंनी तो सोडा हातात घेतला, बोटं चोळली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सोडा ओलसर लागत होता. दुकानदारानं वजन वाढवायला पाणी मारलंय, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. स्वतः दुकानदाराची लेक, त्यांना काय सांगायचं? त्यांनी भामाबाईंच्या वाट्याची पाटी वरच्या खोलीत खिडकीजवळ वाऱ्याला ठेवली, सोडा नीट पसरला, वर एक विरलेलं लुगडं झाकलं. वाळला म्हणजे भामाबाईंच्या हाती लबाडाच्या मालाऐवजी खरा माल जाईल, हा त्यांचा हेतू. आपल्या वाट्याचीही तशीच एक पाटी शेजारी ठेवली. ती रोजच्या धुण्याला वापरात असल्यामुळं कमी होत गेली, त्याचं नवल कुणाला वाटलं नाही.

आता भामाबाईंची पाटी खाली आली. ती खाली आणणारी गोजरबाई. ती द्वारकाबाईंचं धुणंभांडं करायची. जिन्यातच ती म्हणाली, "लई हलकी लागतीया वो."

पाटीवरचं लुगडं काढलं तर आत खडा औषधालाही नव्हता. होतं ते पांढरंफटक पीठ. सोड्याला वरून पांढरी भुकटी सुटते हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं, पण सोडा आजवर कुणाच्याच घरात इतका टिकला नव्हता की त्याचं पीठ व्हावं. द्वारकाबाईंनी पाचशेरी ठेवली. सोड्याचं पारडं वरच्या वर झुलत राहिलं. त्यांनी पाचशेरी काढली, शेर-शेर करत चार ठेवले, मग पावशेर, मग छटाक. तेव्हा कुठं काटा मधोमध आला.

"सव्वाचार शेर आन् वर छटाक," भामाबाईंनी मोठ्यानं वाचल्यासारखं म्हटलं. "आन् मी ठेवला हुता दहा."

ओसरीवर पाटावर बसलेल्या जावयाच्या हातात चहाची बशी होती. ती तशीच राहिली. आबासाहेब सुपारी कातरता कातरता थांबले.

द्वारकाबाईंनी सगळ्यांत जवळचा माणूस पकडला. "गोजरे, वर तुझ्याबिगर कोन जातं?"

"मी नेला म्हंता?" गोजरबाईनं दोन्ही हात पुढं केले. तळव्यांची सालं निघाली होती. "तुमचा सोडा चावतोय, बाई. म्हैनाभर सांगतीया. पयल्यासारखी मूठ टाकली की हात सोलून निघत्यात. आसला सोडा चोरून मी काय आंबील करू?"

"खडे नेलं आन् चुना भरून ठिवला. म्हनून चावतोय."

"चुना इकत घ्यायचा, आन् सोडा चोरायचा. लईच नफ्याचा धंदा," असं म्हणून गोजरबाई कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली. गेली मात्र नाही. चोरीचा आळ घेऊन उठून गेलं तर आळ घरापर्यंत पाठीमागं येतो, हे तिला कळत होतं.

भामाबाई पदर सावरून म्हणाल्या, "मी कुनावर बी संशेव घेत न्हाई बाई. पर गेल्या साली तुमी माझ्या सुनंचं अदपाव तूप दोनदा तोललं हुतं. म्हनून आपलं इचारलं. माझा सोडा तोलून घेताना कोन हुतं?"

ती बातमी दळणाच्या आधी गिरणीत पोचली. जेवणं व्हायच्या आत देवळाचे विणेकरी गेणबा दारात उभे राहिले. वयस्क, गरीब स्वभावाचा माणूस. त्यांनी आधी जावयाची विचारपूस केली, लासुर्ण्याच्या उसाची केली, मग उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "द्वारकाबाय, तेवढी कोठीची किल्ली ह्या साली भामाबायकडं ठिवू म्हनतो. माझ्या मनात काय न्हाई. लोकं बोलत्यात."

"काय बोलत्यात?"

"हेच, की जी जगाचं तोलती तिचं कोन तोलनार."

द्वारकाबाईंचा हात आपोआप कमरेला गेला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं की संशय घेण्यापेक्षा तो अंगावर घेणं फार जड असतं. आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष जावयाकडं गेलं. निवृत्तीराव पाटावरून उठून पाटीपाशी उकिडवे बसले होते. चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघत होते. आणि हसत होते.

या जावयाबद्दल द्वारकाबाईंना लग्न ठरल्या दिवसापासून बारीक शंका होती. मुलगा निर्व्यसनी, बोलणं मऊ, पण काम साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. लोकांनी गाड्या भरभरून ऊस आणायचा आणि यानं त्यातला पेलाभर रस नळीत घालून सांगायचं, ह्यात साखर एवढीशीच. ज्या माणसाची भाकरी सगळं कमी भरवण्यावर चालते, त्याच्याकडं लेक द्यावी का, हे त्यांनी आबासाहेबांना तीनदा विचारलं होतं.

"हसाया काय झालं, जावईबापू?"

निवृत्तीराव गडबडून उभे राहिले. "काही नाही, मामी. सोडा कुणी नेलेला नाही. त्यातलं पाणी गेलंय."

"पानी?" भामाबाई म्हणाल्या. "कोरडाठक खडा हुता त्यो."

"खडा कोरडाच दिसतो. पण त्याच्या अंगात पाणी असतं, शंभर शेराला त्रेसष्ट शेर."

द्वारकाबाई सावकाश आबासाहेबांकडं वळल्या. "म्या काय म्हनलं हुतं? दुकानदारानं पानी मारलंय म्हनून. निम्म्याच्या वर पानीच हुतं की."

"दुकानदारानं नाही घातलं, मामी. ते मुळातच असतं त्याच्यात."

"दूधवाली बी ह्येच म्हंती," द्वारकाबाई म्हणाल्या.

निवृत्तीरावांनी कपाळ पुसलं. कारखान्यात साहेबाला समजावणं सोपं होतं. "असं बघा. कुठलीही वस्तू बारीक करत गेलं की शेवटी तिचा सगळ्यांत लहान कण राहतो, त्याला रेणू म्हणायचं. खड्यात सोड्याच्या एका रेणूला पाण्याचे दहा रेणू चिकटलेले असतात. सोड्याच्या रेणूचं वजन धरा एकशे सहा. पाण्याच्या एकाचं अठरा. दहांचं एकशे ऐंशी. मिळून झाले दोनशे शहाऐंशी. त्यांत सोडा एकशे सहाच. शंभराला सदतीस."

"म्हंजी उतारा," आबासाहेब एकदम म्हणाले. ते ऊस लावणारे, कारखान्याच्या दारात उन्हातान्हात थांबलेले. शंभर मण उसाला साखर किती मण पडली हे त्यांना बरोबर कळे. "शंभर मण उसाला साखर अकरा मण. तसं शंभर शेर सोड्याला सोडा सदतीस शेर. सरळ हाय की."

"तुमाला सरळच वाटनार," भामाबाई म्हणाल्या. "तुमचं जावाई, तुमची बायको, आन् तुमच्याच घरातलं गनित. मला डोळ्यांनी दिसू द्या."

तेव्हा सारजानं, द्वारकाबाईंच्या लेकीनं, ओसरीवर शेगडी आणली. भामाबाईंनी स्वतः वाण्याकडं जाऊन काचेसारखे नितळ खडे निवडून आणले. द्वारकाबाईंनी छोटा काटा काढला आणि ट्रंकेतले राणीछाप रुपये. एक रुपया म्हणजे एक तोळा. दहा रुपये एका पारड्यात, सोडा दुसऱ्यात. आबासाहेबांनी जुना तवा चढवला.

खडे तापले, आणि थेंबभर पाणी कुणी न घालता तव्यावर पाणी झालं. ते खळखळलं, वाफ झाली, वाफ आढ्याला गेली. गेणबांनी वर बघून हात जोडले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी तव्यावर पांढरं पीठ उरलं, पाटीतल्यासारखंच. गार झाल्यावर द्वारकाबाईंनी ते खरवडून तोललं. तीन रुपये, एक अधेली आणि एक पावली. पावणेचार तोळे, तेही पावली जराशी जड पडून.

"बघा," आबासाहेब म्हणाले, "सदतीसचा उतारा."

द्वारकाबाईंनी मोकळा श्वास घेतला. पण भामाबाई बोटं मोजत काहीतरी जुळवत होत्या, आणि त्यांचं बोटं मोजणं चांगलं नसे.

"थांबा. दहा तोळ्याचं पावनेचार तोळं. मग दहा शेराचं पावनेचार शेर हुयाला पायजे. पाटीत हाय सव्वाचार शेर आन् छटाक. ह्यो वरचा अर्धा शेर कशाचा?"

द्वारकाबाईंनी पारड्यातले रुपये पुन्हा मोजले.

"कमी भरलं म्हनून बोभाटा झाला," भामाबाई पुढं म्हणाल्या, "आता जादा भरतंय. जादा म्हंजी काय भरलं असंल कुनी? मगाशी चुन्याचं नाव पयलं कुनी काढलं?"

नाव द्वारकाबाईंनीच काढलं होतं. कोपऱ्यातून गोजरबाईनं मान वळवून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा थोडं समाधान दिसलं. गेणबा खाकरले. "म्हंजी द्वारकाबाय, किल्लीचं तेवढं..."

द्वारकाबाईंनी जावयाकडं असं बघितलं की निवृत्तीरावांना जेवणाच्या ताटातले धोंडे दिसेनासे झाले. यानं वाचवलं म्हणावं तर यानंच खड्ड्यात घातलं. सोडा चोरल्याचा आळ निघाला आणि भेसळीचा लागला. आणि दुकानदाराच्या लेकीला भेसळीचा आळ चोरीपेक्षा वाईट.

निवृत्तीराव पाटीपुढं बसून राहिले. ओठ हलत होते. बोटानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर आकडे काढत होते आणि पुसत होते. मग एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली, आणि सासू समोर आहे हे आठवून हात मागं घेतला.

"माझं चुकलं, मामी. तव्यावर दहाच्या दहा रेणू जातात. सावलीतल्या वाऱ्याला नऊच जातात. दहावा चिकटून राहतो."

"का बरं?" भामाबाईंनी विचारलं. "त्यो काय लाडका हाय?"

निवृत्तीरावांना याचं उत्तर येत होतं, पण ते इंग्रजीतून येत होतं. ते घुटमळले तशी सारजा चिमटा खाली ठेवत म्हणाली, "पाठराखीन ऱ्हाती तशी. नवरीबरुबर माहेरची धा मान्सं जात्यात, नऊ परत येत्यात. पाठराखीन मागं ऱ्हाती."

सारजाच्या लग्नात पाठराखीण म्हणून भामाबाईच गेल्या होत्या, आणि लासुर्ण्याचं दूधदुभतं इतकं मानवलं की परतायचं त्यांना पुष्कळ दिवस सुचलं नव्हतं. निवृत्तीराव एकदम तवा निरखू लागले. आबासाहेबांना ठसका लागला.

"मला घालवाया काय तवा तापवावा लागला न्हाई," भामाबाई म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

"हिशेब असा," निवृत्तीराव घाईनं म्हणाले. "दोनशे शहाऐंशीतून नवांचे एकशे बासष्ट गेले. राहिले एकशे चोवीस. शंभराला त्रेचाळीसच्या वर. म्हणजे दहा शेराला सव्वाचार शेर आणि वर थोडं."

"सव्वाचार आन् छटाक," आबासाहेब म्हणाले. "चोख उतारा."

"आता मिळालेलं बघून गनित बदललं," भामाबाई म्हणाल्या, आणि खरं बोलायचं तर द्वारकाबाईंच्याही मनात तेच आलं होतं. त्या भामाबाईंच्या जागी असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

निवृत्तीराव ताठ बसले. "मग आधी सांगतो, नंतर तोला. ह्याच पाटीतलं पीठ दहा तोळे घ्या आणि तव्यावर टाका. त्यात चुना असला तर चुन्यातून काही जायचं नाही, भेसळीनं आकडा चुकेल. माझं खरं असलं तर राहिलेला एक रेणू जाईल, आणि दहा तोळ्यांचे साडेआठ तोळे राहतील. थोडं वर, पण कमी नाही."

"आन् न्हाई ऱ्हायलं तर?"

उत्तर द्वारकाबाईंनी दिलं. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि गेणबांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. "न्हाई ऱ्हायलं तर उचला."

पीठ कुणी घ्यायचं यावरही वाद झाला. शेवटी गोजरबाईला बोलावलं, कारण तिचा तिथल्या कुणावरच लोभ उरला नव्हता. तिनं पाटीच्या तळातून ओंजळ काढली. दहा रुपये बरोबर. तव्यावर या वेळी खळखळ नाही, पाणी नाही, नुसती विरळ वाफ, दिसली न दिसली अशी. द्वारकाबाईंना ती दिसली नाही. त्यांना फक्त किल्ली दिसत होती. ती जमिनीवर पडलेली असताना इतकी लहान दिसते हे त्यांना कधी ठाऊक नव्हतं.

पीठ गार झालं. तोलायला द्वारकाबाईंनी हात पुढं केला, मग मागं घेतला. "भामाबाई, तुमी तोला."

भामाबाईंनी पीठ एका पारड्यात घातलं आणि दुसऱ्यात रुपये टाकू लागल्या. आठ पडले तरी पीठ खालीच. नववा टाकला तर पीठ वर गेलं. नववा काढून त्यांनी अधेली ठेवली. पारडी हलली, थांबली, आणि पीठ केसभर खाली राहिलं.

"साडेआठ," भामाबाई म्हणाल्या. "आन् थोडं वर."

गेणबांनी किल्ली उचलली आणि द्वारकाबाईंच्या हातात दिली. "द्वारकाबाय, माझ्या मनात काय नव्हतं."

"ठावं हाय, गेणबा. मान्सांच्या मनात कधीच काय नसतं."

भामाबाईंना थोडं वाईट वाटत होतं, पण सव्वाचार शेरांचंही वाटत होतं. निवृत्तीरावांनी त्यांची समजूत घातली की आता मूठभराचं काम चिमूटभरात होईल, धुणं तेवढंच निघेल. ते ऐकून गोजरबाईनं आपले सोललेले हात द्वारकाबाईंच्या पुढं धरले आणि तसेच धरून ठेवले. द्वारकाबाई आत गेल्या, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या आणि ती तिच्यासमोर ठेवली. न तोलता. गल्लीत त्याची आठवण पुढं पुष्कळ वर्षं काढत.

पण या निकालाची किंमत द्वारकाबाईंना त्याच दुपारी कळू लागली. गिरणीवाल्यानं दळण पाठवलं ते पावशेर कमी भरलं, आणि निरोप असा की बाईंना सांगा, गव्हातली पाठराखीन गेली. दूधवाली दारातून म्हणाली, तिच्या दुधात पाणी मूळचंच आहे. ज्या पाण्यानं त्यांना वाचवलं त्याच्याविरुद्ध बोलायची आता सोय राहिली नव्हती.

जेवणं झाली. जावयाला वाण द्यायची वेळ झाली. धोंड्याचं वाण म्हणजे तेहतीस अनारसे, ताटात रचून, वर दिवा. पहाटे तळून, मोजून, द्वारकाबाईंनी स्वतः डब्यात भरून ठेवले होते. तेहतीस म्हणजे तेहतीसच. कमी देणं बरं नव्हे. सारजानं डबा आणला, भामाबाई हौसेनं मोजायला बसल्या, त्यांनाही जरा गोड व्हायचं होतं.

"तीस. आन् एक." त्यांनी डबा उलटा करून झटकला. "एकतीसच हायेत की वो."

गोजरबाईनं तेल लावलेले हात लगेच वर धरले. भामाबाई हळूच म्हणाल्या, "तवा तापवायचा का?"

द्वारकाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. सवय एका दिवसात जात नाही. नजर फिरत फिरत आबासाहेबांपाशी आली. आबासाहेब आढ्याकडं बघत होते, सोड्याची वाफ गेली होती तिकडं, मोठ्या कुतूहलानं. सकाळी शेगडीसाठी कोळसे काढायला स्वयंपाकघरात तेच गेले होते.

निवृत्तीरावांनी सासऱ्यांकडं बघितलं. सासऱ्यांनी क्षणभर डोळे खाली आणले. त्या डोळ्यांत जी विनवणी होती ती कारखान्याच्या दारात उतारा विचारणाऱ्या माणसाची होती.

"मामी," निवृत्तीराव गंभीरपणे म्हणाले, "तेहतिसांत दोन म्हणजे शंभराला सहा. वैशाखाची हवा फार कोरडी असते. एवढी घट यायचीच."

द्वारकाबाईंनी वाणाचं ताट उचललं, त्यावरचा दिवा सारखा केला आणि ते जावयाच्या पुढं ठेवलं.

"हवा कोरडी हाय खरी, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पर तिच्या मिशीला खसखस लागलीया, तेवढी पुसून घ्यायला सांगा."